घाटवाट बांधण्याआधी ती राखणार कोण, हे ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घाटमाथ्यावरची एक वाडी, तिथून खाली कोकणात उतरणारी जुनी घाटवाट. पूर्वी या वाटेने मीठ-तांदळाचे बैल जायचे, आता पावसाळ्यात शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे ट्रेकर येतात. पर्यटन विकासासाठी वीस लाखांचा निधी मिळण्याची शक्यता आहे. आराखड्यात सिमेंटच्या पायऱ्या, लोखंडी रेलिंग, सेल्फी पॉइंट आणि प्रवेश कमान आहे. ग्रामपंचायतीचे तरुण सदस्य विचारतात : यातून वाडीला कायमचं उत्पन्न मिळेल का, आणि वाट बिघडू नये म्हणून काय करावं?

मी सह्याद्रीत गावकऱ्यांबरोबर वाटांची आखणी आणि डागडुजी करते, त्या अनुभवावरून स्पष्टच सांगते. हा आराखडा आहे तसा झाला तर कमान टिकेल. बाकीच्याची खात्री मी देणार नाही. निधी नाकारा असं मात्र म्हणत नाही. तो कुठे घालायचा हे बदलता येतं, आणि त्याआधी दर वर्षी ही वाट कोण दुरुस्त करणार आणि कुठल्या पैशाने, हे ठरवावं लागतं. बहुतेक ठिकाणी हा प्रश्न उद्घाटनानंतर दोन पावसाळ्यांनी निघतो. तेव्हा ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं आणि विचारायला कोणी उरलेलं नसतं.

आधी वाटेचं बोलू, कारण आराखड्यात सगळ्यात कमी विचार तिचाच झालाय.

वाट माणसांच्या पायांनी झिजते, पण वाहून जाते ती पाण्याने. महाबळेश्वरच्या पावसाची वार्षिक सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास आहे आणि त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. तुमच्या घाटमाथ्यावर थोडं कमी-जास्त असेल. हजारो पाय एकाच रेघेत पडले की गवत मरतं, माती दबते, वाट मध्ये खोलगट होते. मग डोंगरावरचं पाणी ओढ्याकडे न जाता त्या खोलगट भागातून धावतं. वाट सरळ उताराच्या रेषेत असेल, तर त्या पाण्याला बाहेर पडायला जागाच राहत नाही. चार-पाच वर्षांत गुडघाभर खोल घळ होते, तळाशी सुट्या माती-दगडांचा घसारा साठतो. लोक घसाऱ्यावरून जायला घाबरतात आणि बाजूच्या गवतातून चालू लागतात. मग तिथे दुसरी घळ सुरू होते. गर्दीच्या गडांच्या वाटा पाहा, एका वाटेच्या चार झालेल्या दिसतील.

यावरचा उपाय आखणीत आहे. डोंगराचा उतार जेवढा असेल, त्याच्या निम्म्याहून जास्त चढण वाटेला देऊ नये. शंभर मीटरला चाळीस मीटर असा उतार असेल तर वाटेची चढण वीसच्या आत हवी. सगळ्या वाटेची सरासरी शंभराला दहाच्या आसपास राखता आली तर उत्तम. याचा अर्थ सहाशे मीटर उतरायला सहा किलोमीटर. ट्रेकर मंडळींना हे फार वाटतं, पण लादलेला बैल जिथून जायचा त्या वाटा याच हिशेबाच्या असत. दहा नसेल तर पंधरा, पण नागमोडी. तुमची खरी जुनी वाट बहुधा अजून तिथेच आहे. आज जिच्यावरून लोक उतरतात ती मधली वाट आहे, दोन वळणं तोडून सरळ खाली गेलेली. वाडीतल्या सत्तरीच्या पुढच्या दोन-तीन माणसांना घेऊन उन्हाळ्यात फिरा, गवत वाळलेलं असताना. जुन्या वाटेच्या खुणा ठरलेल्या असतात : कडेला ढासळलेला गडगा (कोरड्या दगडांची बुटकी भिंत), मातीखाली दबलेली फरसबंदी, पाण्याचं टाकं, घाटाच्या तोंडाशी वाघजाई किंवा म्हसोबाचं ठाणं. नाणेघाटात हे मोठ्या प्रमाणावर दिसतं. जुन्नर ते कल्याण व्यापाराची ही सातवाहन काळातली वाट, लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख, माथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण, आणि नाळेत, म्हणजे उतरायच्या अरुंद घळीत, दगडांची फरसबंदी. तुमच्या घाटाला शिलालेख नसेल, पण आखणी करणाऱ्याला उताराची समज तेवढीच होती.

चढण मोजायला महागडं यंत्र लागत नाही. पाणलोटाच्या कामात समपातळी चर काढायला वापरतात ती ए-फ्रेम (ओळंबा लावलेली A आकाराची लाकडी चौकट) किंवा पाण्याची नळी पुरते. तुमच्या तालुक्यात श्रमदानाची कामं झाली असतील तर ती वापरता येणारी पोरं गावात आधीच असतील.

आखणीनंतर पाणी वाटेवरून बाहेर काढण्याचं काम. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवायचा. दर दहा-वीस मीटरवर वाट थोडी खाली घेऊन पुन्हा वर न्यायची, म्हणजे पाणी त्या खोलात थांबून बाजूला पडतं. जिथे हे जमत नाही, तिथे वाटेला तिरके दगड रोवायचे. दगडाचा दोन-तृतीयांश भाग जमिनीत, टोक वाटेच्या बाहेरपर्यंत गेलेलं, आणि पुढे पाणी पडेल तिथे दगडांची रास, नाहीतर तिथून नवी घळ सुरू होते. हे बारीक काम आहे आणि फोटोत दिसत नाही. त्यामुळे ते आराखड्यातही दिसत नाही.

आता सिमेंटच्या पायऱ्या. डोंगरावर सिमेंट, वाळू आणि पाणी चढवण्याचा खर्चच इतका असतो की मिश्रण पातळ होतं. हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. त्याहून मोठा दोष म्हणजे पायरीखालची माती पाणी काढून नेतं आणि वरची लादी पोकळीवर उभी राहते. मग ती तडकते, आणि तुटलेली पायरी ही पायरी नसण्यापेक्षा धोक्याची. शेवाळाने ती जून अखेरीलाच निसरडी होते. आणि एक गोष्ट कुठल्याही पायऱ्यांच्या वाटेवर तासभर बसलं की दिसते : उतरणारे लोक पायऱ्यांवरून चालतच नाहीत, बाजूच्या मातीतून चालतात, कारण पायरीची उंची पावलाला मानवत नाही. जिथे खरोखर कडा आहे आणि पर्याय नाही, तिथे पायऱ्या कराव्यात. पण स्थानिक काळ्या दगडाच्या, वीतभरापेक्षा कमी उंचीच्या, आणि दोन्ही बाजूंना मोठे धोंडे बसवून, म्हणजे बाजूने जाण्याचा मोह होणार नाही.

दगडाचं कोरडं बांधकाम कोण करणार? तुमच्याकडे भातखाचरांच्या ताली, म्हणजे दगडी बांध, घालणारी माणसं आहेत. कुठला दगड आडवा बसतो, कुठला आत शिरवायचा, मागे चिपा किती भरायच्या, हे त्यांना शिकवावं लागत नाही. त्यांना कुशल कारागिराची मजुरी द्या, बिगाऱ्याची नव्हे. शहरातले स्वयंसेवक श्रमदानाला आले तर त्यांना दगड वाहू द्या, दगड बसवू देऊ नका. उत्साहाने रचलेला गडगा पहिल्या पावसात खाली येतो आणि मग सगळ्यांच्याच मनातून उतरतो.

शासकीय निधीतून असं काम बसवता येतं का, हा पुढचा प्रश्न येणारच. शाखा अभियंत्याला सांगा, अंदाजपत्रकात काँक्रीटच्या जागी कोरडं दगडी बांधकाम आणि दगडी पिचिंग (उतारावर दगडांचा थर बसवणं) घ्या. ही कामं त्यांना नवी नाहीत, नाल्याकाठी आणि बंधाऱ्यांवर ती नेहमी होतात. अंदाजपत्रकाला अभियंत्यांची तांत्रिक मान्यता मिळण्याआधी हे झालं तर सोपं, नंतर फार जड जातं.

आता जमीन. हे कोरडं वाटेल, पण इथेच निम्मे प्रकल्प अडकतात. वाट कुणाच्या जमिनीतून जाते, हे तुकड्या-तुकड्याने पाहा : गावठाण, गायरान, मालकीची शेतं, राखीव वन. तलाठ्याकडून सातबारे आणि भूमी अभिलेखमधून गाव नकाशा काढा. नकाशावर एका तुटक रेषेने पायमार्ग आणि दुहेरी तुटक रेषेने गाडीमार्ग दाखवलेला असतो. तुमची घाटवाट तिथे असेल तर बोलण्यात वजन येतं. खाजगी शेतातून जाणाऱ्या तुकड्यासाठी मालकाशी लेखी बोलणी करा, तोंडी नको. आज "जाऊ द्या की" म्हणणारा शेतकरी, त्याच्या खाचराचा बांध शंभर जणांनी तुडवला की काटेरी कुंपण घालणार, आणि तो चुकीचा नसेल.

वनजमिनीवर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय एक दगडही हलवू नका. गावकरी आणि वनखातं मिळून जंगल सांभाळणारी संयुक्त वन व्यवस्थापन समिती कागदावर असेल तर ती जिवंत करा. काही जण सांगतील की वनहक्क कायदा २००६ खाली ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपर्यंत वनजमीन मिळते. ते खरं आहे, पण कलम ३(२) मधल्या तेरा सुविधांसाठी. त्यांत रस्ते, पिण्याचं पाणी, समाजमंदिर आहे, पर्यटन नाही. सेल्फी पॉइंट त्यात घुसवायला जाल तर पुढे पाण्याच्या टाकीचा प्रस्तावही संशयात सापडेल. त्याच कायद्याखालचा सामूहिक वनहक्क मात्र फार उपयोगी आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये तो मिळाला. मग जंगलाचं व्यवस्थापन कसं करायचं ते ग्रामसभा ठरवते, आणि वाट त्या आराखड्याचा भाग होऊ शकते. तुमची वाडी पात्र असेल तर वीस लाखांपेक्षा या दाव्यामागे लागा. वर किल्ला किंवा लेणं केंद्रीय संरक्षित असेल, तर शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीचा भाग, हे आधी तपासा. अभयारण्य असेल तर नियम आणखी कडक.

गर्दीबद्दल. माणसं किती आली तर चालतील, यावर लांबलचक अभ्यास करता येतो. गावपातळीवर मी एकच मोजमाप धरते : गाड्या किती लावता येतात. वाटेवर लोक अडवणं कुणालाच जमत नाही, भांडणं होतात. वाहनतळ मात्र तुमच्या हातात असतो. चाळीस गाड्यांची जागा केली तर साधारण दोनशे माणसं येतील, दीडशे गाड्यांची केली तर सातशे. वाहनतळ वाडीच्या अलीकडे, अर्धा-एक किलोमीटर मागे ठेवा. माणसं वाडीतून चालत गेली तर चहा पितात, भाकरी खातात, विचारपूस करतात. वाटेच्या तोंडाशी गाडी लावणारा माणूस आपलं पाणी, आपला वडापाव घेऊन येतो आणि फक्त पिशव्या सोडून जातो.

साताऱ्याजवळच्या कास पठाराकडे यासाठी पाहावं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव आलं आणि फुलांच्या हंगामात लोकांचा लोंढा लोटला. तिथे दिवसाला तीन हजारांची मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि शुल्क आलं. कारभार आजूबाजूच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडे, वाटाड्ये आणि राखणदार त्याच गावांतले. हे सगळं घेण्यासारखं. पण तिथे घातलेलं जाळीचं कुंपण पुढे काढावं लागलं, कारण गुरांची चराई आणि वावर थांबल्याने गवत माजतं आणि फुलं दबतात, हे ध्यानात आलं. पठार गुरांसकट जगत आलेलं होतं. तुमच्या वाटेवरही ढोरं जातात, लाकूडफाटा येतो, खालच्या गावची पालखी वर येत असेल. हे वापर थांबवून वाट "पर्यटकांची" केली तर वाडीचा तिच्यावरचा जीव उडेल. मग झुडपं कोण तोडणार, पडलेलं झाड कोण बाजूला करणार?

पैशाचा हिशेब कागदावर मांडून दाखवते, आकडे तुम्ही तुमचे घाला. पावसाळ्यातले बारा शनिवार-रविवार म्हणजे चोवीस दिवस. रोज दोनशे माणसं, माणशी पन्नास रुपये स्वच्छता आणि वाहनतळ मिळून. दोन लाख चाळीस हजार होतात. डागडुजीला सहा माणसं, वर्षाचे तीस दिवस, पाचशे रुपये रोज : नव्वद हजार. स्वच्छतागृह साफ ठेवणाऱ्याचं मानधन, कचरा खाली नेण्याची गाडी, दोर आणि प्रथमोपचाराचं सामान धरलं तरी भागतं. उत्पन्न म्हणावं असं यात फार उरत नाही, आणि ते तसंच असावं. वाडीचं उत्पन्न जेवणातून, मुक्कामातून आणि वाटाड्याच्या मेहनतान्यातून यावं, ते थेट घरात जातं. शुल्क वाटेसाठी.

शुल्क घ्यायचं तर ग्रामसभेचा ठराव, छापील पावती आणि वेगळं बँक खातं हवं. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ मध्ये कर आणि शुल्काची तरतूद आहे, ग्रामसेवकांकडून मसुदा नीट करून घ्या. वनजमीन असेल तर वनसमितीची पावती, म्हणजे एका माणसाकडून दोनदा वसुली होणार नाही. पावतीशिवाय दोन पोरं दोरी आडवी धरून पैसे गोळा करताहेत, हे दृश्य एकदा मोबाइलवर फिरलं की गावाचं नाव वर्षभर खराब.

जेवण आणि वाटाडेपणाची पाळी लावा. पाण्याची पाळी लावता तशीच, घराघराने. नाहीतर रस्त्याकडेच्या ज्या घराला मोबाइलची रेंज आहे, त्याच घराचं हॉटेल होतं आणि वरच्या आळीला फक्त कचरा मिळतो. बचत गटाकडे जेवणाचं काम दिलं तर हिशेब सहसा स्वच्छ राहतो. पाळी ठरवताना एक अडचण आधीच मांडा : ट्रेकरांचा भर जुलैत, आणि तेव्हाच लावणी. ज्या घरात दोनच हात आहेत, त्या घराने लावणी सोडून पर्यटकांमागे धावावं का? माझ्या मते नाही. तीन शनिवार-रविवार सगळ्या वाडीने मिळून वाट बंद ठेवली तरी चालतं, वाटेलाही तो विसावा हवाच असतो. उलट डिसेंबर-जानेवारीत, वाट कोरडी आणि हवा स्वच्छ असताना लोक यावेत यासाठी प्रयत्न करा. कमी माणसं, जास्त मुक्काम.

काजव्यांच्या दिवसांत येणाऱ्यांसाठी वेगळे नियम लागतील : टॉर्च नाही, झाडाखाली गाडी नाही, रात्री दहानंतर आवाज नाही. आणि दारूबद्दल ग्रामसभेने आधीच बोलून घ्यावं, कारण विकणारा बहुधा गावातलाच निघतो.

सुरक्षेबाबत रेलिंगवर माझा फारसा विश्वास नाही. गंजलेल्या रेलिंगला टेकून फोटो काढणारे लोक ती नसती तर मागे उभे राहिले असते. बांधलेल्या गोष्टीवर किती जण चढतील हे कोणी मोजत नाही. १५ जून २०२५ ला पुण्याजवळच्या कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चार जण गेले. दरीवर पुढे काढलेली गॅलरी तुमच्या आराखड्यात असेल तर ती आजच खोडा. त्यापेक्षा ओढा ओलांडायच्या जागी पक्क्या कातळावर लाल रंगाची आडवी रेघ मारा. पाणी रेघेला लागलं की वाट बंद, मग पुढारी येवो की पाहुणा. घाटमाथ्यावर पाऊस पडत असताना खाली ऊन असतं आणि लोंढा अचानक येतो, हे शहरी माणसाला कळत नाही. ती रेघ मात्र त्याला कळते. वाडीतल्या आठ-दहा जणांना प्रथमोपचार, दोराचं काम आणि स्ट्रेचर बांधणं शिकवा. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरशी जोडलेली पथकं जवळच्या तालुक्यात असतील, त्यांच्याशी आधीच ओळख करून ठेवा. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर विसाव्याची जागा तिथून लांब घ्या आणि चुली पेटवू देऊ नका. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं. व्यावसायिक ग्रुप आणणाऱ्यांकडे त्याखालची नोंदणी मागा, नसेल तर त्यांना वाट देऊ नका.

देवराई मध्ये येत असेल तर वाट तिच्या बाहेरून न्या. वाडीतल्या म्हाताऱ्यांशी याबद्दल वाद घालू नका. बाणांच्या खुणा कमीत कमी, ऑइलपेंट जुन्या कोरीव दगडावर अजिबात नको. पाट्यांवर जागांची वाडीतली नावं लिहा, "सनसेट पॉइंट" नको.

मग वीस लाखांचं काय करायचं? मी त्याची वाटणी अशी करेन : वाहनतळ आणि दोन स्वच्छतागृहं, त्यांना बारमाही पाण्याची सोय, हे पहिलं. पाणी नसेल तर स्वच्छतागृह बांधूच नका, त्यात शेळ्या बांधल्या जातात. दुसरं, जुन्या वाटेचा शोध, आखणी आणि सगळ्यात खराब तुकड्यांचं दगडी काम, मजुरी वाडीतच. मधल्या वाटा काट्यांनी आणि धोंड्यांनी बंद करणं यातच येतं, नाहीतर नवी आखणी फुकट. तिसरं, वाडीच्या वरच्या टोकाला साधी शेड, जिथे ट्रेकर थांबतील आणि एरवी भाताचे भारे, शाळेची पोरं, एसटीची वाट पाहणाऱ्या बाया थांबतील. कमान हवीच असेल तर शेवटी उरलेल्या पैशात करा. उरणार नाहीत.

ठरावात दोन वाक्यं जरूर घाला. एक, वाटेच्या शुल्कातला ठरावीक हिस्सा, मी निम्मा म्हणेन, फक्त डागडुजीला आणि तो दर उन्हाळ्यात खर्च करायचा. दोन, दर वर्षी मे महिन्यात ग्रामसभेपुढे वाटेचा हिशेब वाचून दाखवायचा. ठरावाची प्रत वनपरिक्षेत्र अधिकारी आणि गटविकास अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या.

आणि येत्या पावसात पहिली मोठी झड लागली की दोघं-तिघं कुदळ-फावडं घेऊन वाटेवर जा. पाणी कुठून वाटेत शिरतं आणि कुठे बाहेर पडतं, हे फक्त त्या दिवशी दिसतं. प्रत्येक जागेचा फोटो काढा, शिरण्याच्या जागी झाडाला निळी चिंधी आणि बाहेर पडण्याच्या जागी पिवळी. गाव नकाशासोबत ते फोटो पाठवलेत तर चर आणि आडवे दगड कुठे हवेत ते त्यावरून सांगता येईल.